किपलिंगने कोरले की घडवले? : मुंबईच्या भिंतींतील एक शिल्पकार

शिल्पकाराची कामे पाहायला निघालेला माणूस सहसा चौथरे शोधतो. चौक, चौकात चौथरा, वर माणूस किंवा घोडा, खाली नाव आणि साल. जॉन लॉकवुड किपलिंगची मुंबईतील कामे पाहायची असतील तर ही सवय सोडावी लागते. १८६५ ते १८७५ अशी दहा वर्षे तो या शहरात होता. ‘जंगल बुक’कर्त्या रुडयार्डचा बाप एवढीच त्याची ओळख आज बहुतेकांना असते. त्याने इथे केलेले काम चौथऱ्यावर नाही, भिंतीत आहे. कमानीच्या पोटात, दाराच्या माथ्यावर, कारंज्याच्या अंगावर. भाजी घेऊन बाहेर पडणारा माणूस रोज त्याच्या खालून जातो आणि पिशवी सावरण्याच्या नादात वर पाहत नाही.

या कामांची फेरी मी दोनदा मारली. एकदा एकटीने आणि एकदा पदवीच्या वर्गातील सतरा विद्यार्थ्यांना घेऊन. गोव्यातून मुंबईला सहल न्यायची म्हणजे गेटवे, मत्स्यालय, राणीची बाग असा ठरलेला बेत असतो. मी मराठी शिकवते, त्यामुळे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहावे एवढीच माझी अट होती. परतल्यावर आलेल्या निबंधांपैकी निम्म्यांत एक वाक्य जवळजवळ सारखे होते : मंडईच्या दारावरील शिल्पे किपलिंगने कोरली आहेत. मी ‘कोरली’ या शब्दाखाली रेघ ओढली आणि वर्गात विचारले, कशावरून? या लेखाचा सारा खटाटोप त्या एका क्रियापदापायी आहे.

शिल्पकामाच्या क्रियापदांची मराठीत वाण नाही. माती मळतात, लिंपतात, तिला आकार देतात. साचा घेतात, धातू ओततात. दगड फोडतात, तासतात, घडवतात, कोरतात. यातल्या प्रत्येक क्रियेचा हात वेगळा असू शकतो, आणि एकोणिसाव्या शतकातील युरोपीय पद्धतीत तो बहुधा वेगळाच असे. शिल्पकार आधी चिकणमातीत नमुना घडवी. त्यावरून प्लास्टरचा साचा निघे आणि साच्यातून प्लास्टरची प्रतिकृती. ती समोर ठेवून, तिच्यावरील ठळक बिंदूंची अंतरे मोजून, दगडाचे कारागीर ती दगडात उतरवीत. शिल्पकार अधूनमधून पाहून जाई, शेवटचा हात फिरवी किंवा फिरवीतही नसे. मातीवरची बोटे एकाची आणि दगडावरची टाकी दुसऱ्याची, असा हा मामला. आपण मात्र ‘ने’ हा एक प्रत्यय लावतो आणि सगळे काम एका नावावर जमा करतो.

किपलिंग तर मूळचा मातीचाच माणूस. १८३७ साली यॉर्कशरमधील पिकरिंग गावी तो जन्मला. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक. स्टॅफर्डशर हा इंग्लंडमधील कुंभारकामाचा परगणा. तिथल्या बर्स्लेममध्ये एका चिनीमातीच्या कारखान्यात त्याने उमेदवारीची वर्षे काढली आणि त्याच भागातील कलाशाळेत तो शिकला. पुढे लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन संग्रहालयाच्या इमारतीसाठी भाजलेल्या मातीच्या सजावटीचे जे काम चालले होते, त्यात तो होता. मार्च १८६५ मध्ये त्याचे लग्न झाले आणि मे महिन्यात नवराबायको मुंबईत उतरली. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली सुरू झालेल्या कलाशाळेत, म्हणजे आजच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, त्याची नेमणूक होती.

त्याच्या हुद्द्याचे मराठी करताना विद्यार्थी अडतात आणि मलाही थांबावे लागले. ‘आर्किटेक्चरल स्कल्प्चर’चा प्राध्यापक असे ते पद. ‘वास्तुशिल्प’ म्हणावे, तर तो शब्द आपण इमारत रचण्याच्या कलेलाच देऊन बसलो आहोत, आणि वास्तुशिल्पी म्हणजे आर्किटेक्ट. शेवटी ‘इमारतीवरील शिल्पकाम’ असे सरळ लिहिले. परिभाषा कोशांनी या जागेचा एकदा विचार करावा, कारण दोन वेगळी कामे एकाच शब्दाखाली गेली की त्यांतले लहान मानले जाणारे काम हळूहळू दिसेनासे होते.

शाळेत तेव्हा तीन कार्यशाळा निघाल्या. सजावटीची चित्रकला जॉन ग्रिफिथ्सकडे, घडीव लोखंडाचे काम हिगिन्सकडे आणि मातीचे नमुने व शिल्पकाम किपलिंगकडे. शाळेला अशा कार्यशाळा का लागल्या याचे उत्तर शहराच्या स्थितीत आहे. आपल्या गोमंतकाशी नाते सांगणारे गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चे. त्यांनी पाहिलेली मुंबई किल्ल्याच्या तटाने आत आणि बाहेर अशी विभागलेली होती. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात तो तट पाडला गेला आणि मोकळ्या जागेवर सरकारी इमारतींची रांग आखली गेली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. किपलिंग बोटीतून उतरला त्याच सुमारास ते युद्ध संपले आणि बाजार कोसळला. इमारती मात्र उभ्या राहत गेल्या. त्या गॉथिक धाटणीच्या, म्हणजे जिथे स्तंभ तिथे स्तंभशीर्ष आणि जिथे स्तंभशीर्ष तिथे पानाफुलांची कोरीव गर्दी. एवढे कोरीव काम विलायतेहून बोटीने आणणे परवडणारे नव्हते. ते करणारे हात इथेच तयार करायचे होते.

फेरी जे. जे.च्या आवारातूनच सुरू करावी. आज दिसणारी गॉथिक इमारत १८७८ ची, म्हणजे किपलिंग गेल्यानंतरची. त्याआधी विल्यम बर्जेस या नामांकित इंग्रज वास्तुरचनाकाराने शाळेसाठी भव्य नकाशे काढले होते. ते कागदावरच राहिले. आवारातील बंगल्याशी रुडयार्डच्या जन्माची नोंद करणारी पाटी आहे. तो ३० डिसेंबर १८६५ रोजी याच आवारात जन्मला हे खरे, पण उभा असलेला बंगला नंतर बांधलेला आहे. तेव्हा किपलिंगची वास्तू म्हणून इथे पाहण्यासारखे काही नाही. थांबण्यासारखे मात्र आहे. म्हातारपणी लिहिलेल्या आत्मकथनात रुडयार्डने बापाच्या कार्यशाळेची आठवण सांगितली आहे. रंगांचा आणि तेलांचा वास, आणि खेळायला मिळणारे मातीचे गोळे. शिल्पकाराच्या मुलाच्या आठवणीत दगड नाही, माती आहे, हे मला फार बोलके वाटते.

त्याच आठवणींत त्याची आया येते. तो तिला पोर्तुगीज रोमन कॅथलिक म्हणतो. त्या काळच्या मुंबईत या शब्दांचा रोख कुठे असे, हे गोव्याच्या वाचकाला सांगायला नको. मिता नावाचा हिंदू नोकर होता. हे दोघे दुपारी मुलाला गोष्टी सांगत, गाणी म्हणत. मग कपडे करून त्याला आईबापांकडे धाडताना आता इंग्रजीत बोल अशी आठवण द्यावी लागे, कारण पोर विचार करी आणि स्वप्ने पाही ती इथल्याच बोलीत. पहाटे आयेचे बोट धरून फळबाजारात जाण्याची आठवणही त्याने लिहिली आहे. त्याचा बाप ज्या मंडईच्या दारासाठी माती घडवीत होता, ती शाळेपासून रस्ता ओलांडण्याच्या अंतरावर.

ती क्रॉफर्ड मार्केटची इमारत. सरकारी नाव महात्मा जोतिबा फुले मंडई, बोलण्यात अजून क्रॉफर्ड मार्केटच. आर्थर क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. इमारतीची रचना विल्यम इमर्सनची. हा बर्जेसचा शिष्य, आणि पुढे कलकत्त्याचे व्हिक्टोरिया मेमोरियल त्याचेच. मंडई १८६९ मध्ये उभी राहिली. बाहेरचा दगड पिवळट रंगाचा, कुर्ल्याचा, आणि त्यात तांबड्या दगडाची भर वसईची. वसईचा दगड आपल्याला परका नाही. जुन्या गोव्यातील बॉम जेझूसच्या दर्शनी भिंतीत जांभ्याच्या जोडीला तिकडूनच आलेला काळा दगड आहे, आणि भिंतीवरची नक्षी त्या दगडात आहे. जांभा बारीक टाकी सोसत नाही. गोव्यात देखणे कोरीव काम लाकडात जास्त का, याचे अर्धे उत्तर चिऱ्याच्या खाणीत मिळते.

मंडईच्या कोपऱ्यावरील प्रवेशाच्या कमानींवर, दार आणि कमानीचा बाक यांच्यामध्ये उरलेल्या जागेत, किपलिंगची उठावशिल्पे आहेत. देव नाहीत, राजे नाहीत, लढाया नाहीत. शेतात राबणारी माणसे आहेत. मोठ्या सार्वजनिक इमारतीच्या दर्शनी भागावर शेतकरी यावा, ही १८६९ सालच्या हिंदुस्थानात लहान गोष्ट नव्हती. शिल्पशास्त्राचे नियम न कळताही हे काम समजते, कारण प्रत्येक आकृती काहीतरी करते आहे. नुसती उभी राहून कुणाकडे पाहत नाही. उठाव भरपूर आहे, त्यामुळे ऊन तिरपे असताना अंगांच्या कडांना सावली धरते आणि माणसे भिंतीतून पुढे येतात. दुपारी बाराच्या उन्हात हेच शिल्प सपाट दिसते. आम्ही ते दोन्ही वेळा पाहिले आणि मुलांना हा फरक सांगावा लागला नाही.

या शिल्पांची वर्णने करणारे त्यात गव्हाचे शेत असल्याचे सांगतात. पेडण्याकडची एक मुलगी बराच वेळ वर पाहत राहिली आणि म्हणाली, “मॅडम, हें भात न्हय.” तिचे बरोबर होते. कोकणात, मुंबईच्या आसपास, आपल्याकडे पावसाळी शेत म्हणजे भात. गव्हाचे पीक हे युरोपातील सुगीच्या चित्रांचे ठरलेले पीक आहे. सुगी दाखवायची तर गहू, ही सवय स्टॅफर्डशरच्या कलाशाळेतून आलेली असणार असे माझे मत आहे, कारण मुंबईच्या मंडईत येणारा माल पाहून मातीत घडवायला बसलेल्याला आधी भाताची लोंबी सुचली असती. माणसे इथली, कपडे इथले आणि सुगीची कल्पना तिकडची. अशा कामात हे घडतेच, आणि त्यात किपलिंगला कमीपणा नाही. फक्त ते डोळ्यांना दिसले पाहिजे.

मंडईला जोतीरावांचे नाव दिले तेव्हा कुणाच्या मनात ही शिल्पे होती की नाही कोण जाणे, पण योग चमत्कारिक जुळला आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. त्यातला शेतकरी कर्जाने, कोर्टकचेऱ्यांनी आणि सरकारी नोकरांनी सोललेला. कमानीवरचा शेतकरी धट्टाकट्टा, समाधानी. एकाच पिढीतले हे दोन शेतकरी आज एकाच दारावर आहेत, एक दगडात आणि एक पाटीवरच्या नावात. पाठ्यपुस्तकातील असूडचा उतारा शिकवायचा असेल तर मला याहून चांगली जागा सुचत नाही.

मंडईच्या आत कारंजे आहे. रचना इमर्सनची, त्यावरील शिल्पकाम किपलिंगचे. नद्यांच्या देवता, पक्षी, प्राणी अशी दाटी त्याच्या अंगावर आहे. विषय आपल्याकडचा, मांडणी मध्ययुगीन युरोपातील कारंज्याची. वर्षानुवर्षे या कारंज्यावर तैलरंगाचे थर चढत गेले. दुकाने त्याला टेकली, खोकी रचली गेली, दगड दिसेनासा झाला. जीर्णोद्धार करणाऱ्यांपुढे पहिले काम नवे कोरण्याचे नसते, आधीचा रंग दगडाला न दुखवता उतरवण्याचे असते. रंग लावणाऱ्याने ते वाईट हेतूने केले असे मी म्हणणार नाही. सणाला देवळाच्या खांबाला रंग काढतो तशाच आपुलकीने हा हात फिरला असेल. पण उठावाच्या कडा जाड रंगाखाली बुजल्या की पक्ष्याची चोच आणि पान यांत फरक राहत नाही. शेजारच्या फळवाल्याला आम्ही विचारले, हे कुणी केले? त्याने हातातले सफरचंद पुसता पुसता सांगितले, “साहेबाने बनवलं, कामगारांनी केलं.” निम्म्या वर्गाला जे साधले नाही ते त्याने दोन क्रियापदांत सांगितले.

‘कामगार’ म्हणजे कोण? शाळेत माती घडवायला आणि साचे काढायला शिकलेले विद्यार्थी एकीकडे, इमारतीच्या कामावर रोजाने असलेले पाथरवट दुसरीकडे. त्यांची नावे दगडावर नाहीत. मध्ययुगीन युरोपातील चर्चांवर कारागीर निनावी असत, आणि गॉथिक शैलीचे चाहते त्याच निनावीपणाचे कौतुक करीत. मुंबईत तो अर्धाच पाळला गेला. कारागीर निनावी राहिले, प्राध्यापकाचे नाव राहिले.

मंडईतून दक्षिणेकडे दादाभाई नौरोजी रस्त्याने थोडे चालले की छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. मांडवी एक्स्प्रेसने आलेल्या आपल्या लोकांचे मुंबईतले पहिले पाऊल इथेच पडते. या स्थानकावरील शिल्पे किपलिंगची, असे हमखास ऐकायला मिळते. ती त्याची नाहीत. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या नकाशांवरून १८७८ मध्ये सुरू झालेले हे काम दहा वर्षे चालले, आणि किपलिंग १८७५ मध्येच मुंबई सोडून गेला होता. घुमटावरची ‘प्रगती’ची मूर्ती, फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ यांचे शिल्पकाम थॉमस अर्प या इंग्रजाचे. मात्र खांबांच्या माथ्यांवरची पाने, वेली, पक्षी, प्राणी हे सारे जे. जे.च्या विद्यार्थ्यांचे, आणि ते काम ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली झाले. किपलिंगने घातलेली घडी तिथे कामी आली हे खरे, पण ‘किपलिंगने केले’ म्हणणे आणि ‘किपलिंगने सुरू केलेल्या वर्गातून बाहेर पडलेल्यांनी केले’ म्हणणे यांत त्या मुलांच्या कित्येक वर्षांच्या मेहनतीचे अंतर आहे. दर्शनी भिंतीवर रेल्वे कंपनीच्या संचालकांचे मुखवटे आहेत. त्यांत जमशेटजी जिजीभाई आणि जगन्नाथ शंकरशेट हे दोन हिंदी चेहरे शोधून काढण्याचा खेळ मुलांना आवडतो. पागोट्यांमुळे तो अवघड जात नाही.

हुतात्मा चौकातील फ्लोरा फाउंटन वाटेतच लागते. ते झटकन पाहून घ्यावे. ते १८६९ च्या सुमाराचे, म्हणजे मंडईचे समवयस्क, पण पोर्टलंडच्या दगडात जेम्स फोर्सिथने विलायतेत घडवलेले आणि बोटीने आणलेले. मुंबईचा दगड नाही, मुंबईचा हात नाही. कारागीर कशाला शिकवायचे, तयार माल मागवा, असे म्हणणाऱ्यांचा मार्ग कसा दिसला असता याचा हा नमुना. देखणे आहे, पण कुठल्याही इंग्रजी शहरात चालले असते.

तिथून विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरपाशी जावे. आमच्या फेरीत सर्वांत जास्त वेळ इथे गेला, किपलिंगचे इथे काही नसताना. नकाशे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचे, आणि हे गृहस्थ मुंबईत कधी आलेच नाहीत. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या आईचे, काम १८७८ मध्ये पुरे झाले. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील वेगवेगळ्या जातीजमातींच्या चोवीस मूर्ती आहेत. काही खालच्या टप्प्यावर आहेत, काही इतक्या उंच की दुर्बिणीशिवाय पागोटे आणि डोके यांतला भेद कळत नाही. त्यांचे नमुने घडवले सहायक अभियंता रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. हे नाव नोंदीत शिल्लक आहे, कारण त्यांच्याजवळ सरकारी हुद्दा होता. तेव्हा हिंदी माणसाचे नाव टिकायला हातातील टाकी पुरत नव्हती, हजेरीपटावरचे पद लागत होते. मुलांनी इथे मात्र नीट लिहिले : ‘मुकुंद रामचंद्र यांनी नमुने केले.’ क्रियापद जागेवर आले होते.

या फेरीला एक शेपूट आहे आणि त्यासाठी लोकलने भायखळ्याला जावे लागते. किपलिंगची कामे का उरली हे तिथे कळते. राणीच्या बागेला लागून भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. भाऊ मूळचे गोमंतकीय, आणि या संग्रहालयाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा. १९७५ मध्ये त्याला त्यांचे नाव मिळाले. त्याच्या मागील आवारात चौथऱ्यावरून उतरवलेले राज्यकर्ते बसले आहेत. कॉर्नवॉलिस आणि वेलस्ली, दोघेही धाकट्या जॉन बेकनचे. कॉर्नवॉलिसचा पुतळा शहरात होता तेव्हा लोक त्याला फुले वाहत, इतका तो देवासारखा मांडला होता. मॅथ्यू नोबलने केलेली संगमरवरी राणी व्हिक्टोरिया आहे. तिचा खर्च बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी केला होता, आणि १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी तिला डांबर फासून जोड्यांची माळ घातली होती. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९६५ मध्ये, असले पुतळे चौकांतून उठले. काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्डही गेला, त्या जागेला नाव मात्र घोड्याचेच राहिले.

शेतकऱ्याला कुणी डांबर फासले नाही. मंडईच्या कमानीवरून त्याला काढायचे कुणाला सुचले नाही. एक तर तो भिंतीचा भाग, काढला तर कमान उघडी पडते. दुसरे म्हणजे त्याच्यात चीड यावी असे काही नव्हते. तो मालकाचा चेहरा नव्हता. ज्या निनावीपणामुळे पाथरवट हरवले, त्याच निनावीपणाने त्यांचे काम वाचवले. ही गोष्ट मला दिलासा देणारी वाटत नाही, पण आहे ती अशी आहे.

किपलिंगची पुढची बरीच वर्षे लाहोरमध्ये गेली. तिथे मेयो स्कूल ऑफ आर्टचा तो प्रमुख झाला, संग्रहालयाचा अभिरक्षक झाला. रुडयार्डच्या ‘किम’मधील संग्रहालयाचा म्हातारा साहेब तो हाच. त्याचा शिष्य भाई रामसिंग याने इंग्लंडला जाऊन राणी व्हिक्टोरियाच्या ऑसबोर्न हाउसमधील दरबार दालनाचे काम केले. राणीने त्या कारागिराचे व्यक्तिचित्र काढून घेतले आणि त्याचे नाव इतिहासात राहिले. मुंबईच्या दहा वर्षांत किपलिंगच्या हाताखालील एकाच्याही वाट्याला असे भाग्य आले नाही. माणूस तोच, कारागिरांबद्दल त्याला आस्था होती हेही निर्विवाद, तरी फरक पडला. मुंबईत तो इमारतीच्या कंत्राटांसाठी हात तयार करीत होता, लाहोरमध्ये तिथल्या परंपरेतले हात त्याला तयार मिळाले होते आणि तो त्यांच्याकडून शिकत होता. १९०१ मधील ‘किम’साठी त्याने जी चित्रे दिली, ती मातीत घडवलेल्या उठावशिल्पांची छायाचित्रे होती. मातीचे बोट अखेरपर्यंत सुटले नाही.

त्याच्या वर्गातून जे. जे.त शिल्पकामाची जी वाट पडली, तिच्यावरून नंतर पुष्कळ जण गेले. आपल्याकडचे मडकईचे रामचंद्र पांडुरंग कामत हे त्यांतले एक. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी, मांडवीच्या काठाला, बाईला संमोहित करणारा आबे फारिया उभा आहे तो त्यांचा, १९४५ चा. पुढच्या खेपेला मुंबईच्या आधी मी विद्यार्थ्यांना तिथे उभे करणार आहे. पुतळ्याखाली उभे राहून त्यांनी एवढेच लिहायचे : घडवले कुणी, ओतले कुणी, उभे केले कुणी आणि पैसा कुणाचा. चार प्रश्न, चार क्रियापदे. नंतर तीच वही घेऊन मंडईच्या दाराशी जायचे. सकाळी लवकर जावे, ट्रकमधून माल उतरत असतो तेव्हा. गर्दी असते, धक्के बसतात, पण कमानीवर ऊन कसे सरकते ते पाहता येते, आणि कमानीखालून डोक्यावर पाटी घेऊन जाणारे हमालही त्याच वेळी दिसतात.